मांडवामागची गल्ली

सोलापुरात ‘हद्दवाढ भाग’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. १९९२ मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि बाळे, केगाव, शेलगी, दहिटणे, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी भोवतालची गावे शहरात आली. त्याला तीस वर्षे उलटून गेली, तिथे जन्मलेल्या मुलींची लग्ने होऊन त्यांना मुलेबाळे झाली, तरी भाग हद्दवाढच राहिला. पेठांमधल्या सोलापूरला इतिहास आहे. किल्ला, सिद्धेश्वर, गिरण्या, १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे, हे सगळे शाळकरी मुलांनाही पाठ असते. हद्दवाढ भागाला मात्र जणू फक्त तक्रारी आहेत. त्याचे नाव छापून येते ते टँकरच्या, ड्रेनेजच्या नाहीतर रखडलेल्या रस्त्याच्या बातमीत. या भागालाही इतिहास आहे. तो दफ्तरात सापडत नाही म्हणून नाही असे वाटते, एवढेच. तो घरोघरच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमात आणि लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या पत्त्यात पडून आहे. मात्र फोटो आणि गावनाव एकत्र वाचले तरच तो हाती लागतो. एकेकटे घेतले तर दोन्ही साक्षीदार कच्चे आहेत.

दफ्तरात तो का नाही, हे आधी पाहू. शहराच्या कडेची वस्ती आधी वसते आणि मग कागदावर येते. शेताचे गुंठे पडतात, स्टॅम्पपेपरवर व्यवहार होतो, घेणारा पत्र्याची खोली टाकतो, दोन पावसाळ्यांनी विटांची भिंत चढवतो आणि लाइट-नळासाठी खेटे घालायला लागतो. बिनशेती, मंजूर लेआउट, नकाशा या गोष्टी मागाहून येतात, काही ठिकाणी येतच नाहीत. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी महाराष्ट्राला २००१ मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदाच करावा लागला. म्हणजे सरकारी कागदात एखादे नगर जन्माला येते, तेव्हा ते प्रत्यक्षात चांगले कर्तेसवरते झालेले असते. लग्न मात्र मंजुरीसाठी थांबत नाही. मुलीचे ठरले की पत्रिका छापावी लागते, आणि पत्रिकेत पत्ता घालावाच लागतो. पाहुणे अक्कलकोटहून, इंडीहून, करीमनगरहून यायचे असतात; त्यांना सर्व्हे नंबर सांगून भागत नाही. मग ‘अमुक नगर, पाण्याच्या टाकीजवळ, राहत्या घरासमोरील मांडवात’ असे काहीतरी छापले जाते. पालिकेच्या लेखी अजून ज्वारीचे रान असलेल्या जागेला नगर म्हणून ओळख देणारा छापील कागद पुष्कळदा हाच असतो. शिवाय त्याच्यावर वार, तिथी, शके, इंग्रजी तारीख आणि मुहूर्ताची मिनिटेही असतात. सामान्य घरातला इतका नेमका दिनांक असलेला दुसरा कागद दाखवणे कठीण.

आता नावांकडे. सोलापूरची नावे थरांनी बसलेली आहेत. सर्वांत खाली कन्नड. शेलगी, होटगी यांच्या शेवटचा ‘गी’ त्या कुळातला, आणि शहराचे जुने नावही त्याच घरचे. सोळा पुरे मिळून सोलापूर झाले ही गोष्ट अजून सांगितली जाते. पण सिद्धेश्वर म्हणून पुजल्या जाणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या, कल्याणीच्या कलचुरींच्या अमदानीतल्या शिलालेखांत गाव ‘सोन्नलगे’ म्हणून येते, आणि पुढच्या लेखांत सोनलपूर, संदलपूर अशी रूपे दिसतात. सोळाचा हिशेब मागाहून जमवलेला आहे. त्याच्या वरचा थर फारसीचा: कसबा, बेगम पेठ, पाच्छा पेठ. पाच्छा म्हणजे झिजलेला पादशहा असावा. आणि ‘तेलंगी पाच्छा पेठ’ या तीन शब्दांत तर मुसलमानी अंमल आणि तेलंगणातून आलेले विणकर दोन्ही एका पाटीवर बसले आहेत. मग इंग्रजी काळ: लष्कर, सदर बझार, रेल्वे लाइन्स, डफरीन चौक. रेल्वे १८६० मध्ये आली, १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची कापडगिरणी उभी राहिली. ती ‘जुनी मिल’ झाली आणि मोरारजींचे नाव मुरारजी पेठेला चिकटले. पूर्व भागातले कन्ना चौक, कोंतम चौक ही तेलुगू आडनावे. आणि सर्वांत वर, अजून ओला असलेला थर नगरांचा. त्यात देव आहेत, पुढारी आहेत, प्लॉट पाडणाऱ्यांची पोरेबाळे आहेत आणि ‘जुळे सोलापूर’सारखी सरळ आपला बेतच सांगून टाकणारी नावेही आहेत.

हे सगळे वाचायला गोड लागते, आणि धोका तिथेच आहे. गावनाव सांगते ते नाव ठेवणाऱ्याबद्दल. तिथे कोण राहायला आले, कशावर जगले, याबद्दल ते फार कमी बोलते. कुंभारीजवळ विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिला नाव आहे गोदूताई परुळेकरांचे. गोदूताईंचे काम ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमधले. उद्या कोणी नुसत्या नावावरून इतिहास लिहायला बसला, तर गोदूताई सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये राबल्या असे लिहून मोकळा होईल. नावाचा खरा अर्थ वेगळा आहे: गोदूताई ज्या लाल बावट्याच्या, त्याच बावट्याच्या संघटनेने ही घरे झगडून मिळवली. तेवढे नाव सांगते. त्या घरात कोण राहायला आले, कुठल्या पेठेतल्या भाड्याच्या खोलीतून निघून आले, हे सांगायला दुसरा साक्षीदार लागतो. आणि नावे बदलतातही. धर्मवीर संभाजी तलावाला अजून कित्येक सोलापूरकर कंबर तलावच म्हणतात. अशा ठिकाणी जुनी पत्रिका नाहीतर फोटोमागची पेन्सिलची ओळ काढून पाहावी. कोणत्या साली लोकांच्या तोंडी कोणते नाव होते, हे तिथे समजते.

लग्नाच्या फोटोला साक्षीदार मानावे याला कारण आहे, आणि ते भावनेचे नाही, उजेडाचे आहे. जुन्या काचा आणि फिल्मा मंद होत्या. घरातल्या मिणमिणत्या दिव्यात वीस माणसांचा समूह टिपणे साध्या छायाचित्रकाराच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून वऱ्हाड बाहेर काढले जाई. सतरंजीवर मुले मांडी घालून, खुर्च्यांवर आजोबा-मामा, मागे बायका, मधोमध नवरा-नवरी. हे सगळे बाहेर आले की त्यांच्या मागची भिंत, गल्ली, झाड, विजेचा खांब आणि सोलापुरात गिरणीचे धुराडेसुद्धा आपसूक चौकटीत येते. ते कोणी ठरवून टिपलेले नसते, आणि त्यात कोणाचा काही स्वार्थही नसतो. पुढे फ्लॅश स्वस्त झाला, मंगल कार्यालये आली, आणि फोटोतून गल्ली हद्दपार झाली. मागे उरला मखमली पडदा आणि थर्माकोलची अक्षरे. आता तर सगळ्या महाराष्ट्रातले स्टेज एकाच साच्यातले. त्या फोटोवरून लग्न सोलापूरचे की नांदेडचे हे सांगता यायचे नाही.

एक आक्षेप इथेच उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. फोटो ही पैसेवाल्यांची चीज. ज्यांच्याकडे स्टुडिओत जायला पैसे होते त्यांचा इतिहास आपण सगळ्यांचा म्हणून खपवणार का? पेठांमधल्या जुन्या घराण्यांबाबत हा आक्षेप खरा आहे. १९३०-४० च्या आसपासचे स्टुडिओतले फोटो पाहा: कोरीव पाठीची खुर्ची, तिपाईवर फुलदाणी, मागे रंगवलेला जिना आणि तळे, नवऱ्याच्या मनगटावर मुद्दाम पुढे काढलेले घड्याळ. वस्तीच्या इतिहासाला असा फोटो जवळजवळ निरुपयोगी. फार तर जाड पुठ्ठ्यावर उठवलेले स्टुडिओचे नाव आणि पेठ कामाला येते. पण कडेच्या वस्त्यांमध्ये गणित नेमके उलटे झाले. सत्तर-ऐंशीच्या दशकात कॅमेरा भाड्याने फिरू लागला, रंगीत प्रिंट आवाक्यात आली, आणि कार्यालयाचे भाडे मात्र गिरणी कामगाराला, विडी वळणाऱ्या घराला परवडणारे नव्हते. त्यामुळे सधन लग्ने कार्यालयात गेली आणि गरिबांची गल्लीतच राहिली. जिथे लग्न गल्लीत लागले तिथेच गल्ली फोटोत उरली. हद्दवाढ भागाबद्दल बोलायचे तर गरिबीनेच पुरावा राखला आहे.

पूर्व भागात किंवा शेलगीच्या बाजूला अशा काळात निघालेला ठरावीक फोटो डोळ्यांपुढे आणा. नवऱ्याच्या अंगावर सफारी, कपाळाला बाशिंग. नवरीच्या हातात आहेराचे स्टीलचे पातेले, त्यावर नाव घातलेले. इथवर सगळे नेहमीचे. नजर त्यांच्या खांद्यावरून मागे न्यावी. निळसर चुन्याची भिंत, अर्धीच गिलावा केलेली: घर टप्प्याटप्प्याने चढते आहे. दाराशेजारी मीटरची पेटी आणि तिच्यातून आत गेलेली जाड केबल: आत माग चालतो, म्हणजे खाली कारखाना आणि वर किंवा मागे संसार. शेजारच्या दुकानाची पाटी मराठीत आणि तेलुगूत. कोपऱ्यात घागरींची रांग, म्हणजे नळ सार्वजनिक आणि पाणी ठरावीक वेळेला. उघडी नाली, तिच्यावर टाकलेली शहाबादी फरशी. नवरा-नवरी सजतात, नाली सजत नाही. म्हणूनच ‘लग्नाचा फोटो तर नटवलेला असतो, दागिने उसने, कोट भाड्याचा’ हा दुसरा आक्षेप इथे फारसा लागू पडत नाही. दागिन्यांची साक्ष काढायची नाहीच. साक्ष काढायची ती मागच्या भिंतीची. आणि प्रिंट उलटी केली तर कागद बनवणाऱ्या कंपनीचा फिकट शिक्का असतो. त्यावरून काळ साधारण बांधता येतो. कोपऱ्यातल्या केशरी तारखेवर मात्र विसंबू नये. कॅमेऱ्याचे घड्याळ लावण्याची तसदी फार कमी लोक घेत.

याहून श्रीमंत साधन म्हणजे वरातीची कॅसेट. फोटो एका जागी उभा राहतो, वरात चालते. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत बँडच्या मागे कॅमेरा चालत जातो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या, मोकळे प्लॉट, अर्धी बांधकामे ओळीने टिपत जातो. बाळे-देगावसारख्या मूळ गावांत तर हे आणखी मोलाचे, कारण नवरदेव परण्याला जातो ते मारुतीचे देऊळ सहसा जुन्या गावठाणाच्या वेशीजवळचे. बाळ्यात नव्या जोडप्याला खंडोबाच्या देवळातही नेतात. देऊळ हलत नाही. त्याच्या भोवतीचे रान हळूहळू कसे घरांनी भरले, हे दहा-दहा वर्षांच्या अंतराच्या तीन लग्नांवरून सरळ मांडता येते. अडचण एवढीच की व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली आणि ट्रंकेतल्या टेपांना बुरशी लागते आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या शिस्तीचा. एका घराच्या अल्बमावरून शहराचा इतिहास होत नाही, आणि सोलापूरचा तर नीट अभ्यास झालेला आहे: १८८४ चे गॅझेटियर आहे, धनंजयराव गाडगीळांचे सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे पुस्तक १९६५ मध्ये गोखले इन्स्टिट्यूटने काढले. खरेच. पण गाडगीळांची पाहणी झाली तेव्हा शेलगी हे खेडे होते. आणि एक अल्बम पुरेसा नाही हे मान्य केले, तर उत्तर अल्बम टाकून देणे हे नसून शंभर अल्बम शेजारी ठेवणे हे आहे. हे कुठे घडलेच नाही असेही नाही. ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ हा घरगुती फोटोंचा संग्रह अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केला, त्याचे मूळ भारतीय लग्नांवर एक पुस्तक करावे या कल्पनेत होते. लोकांनी लग्नाचे फोटो पाठवता पाठवता घरांचे, गावांचे, नोकऱ्यांचे, फाळणीचे किस्से पाठवायला सुरुवात केली आणि लग्न हे निमित्त ठरले. काठमांडूत नेपाळ पिक्चर लायब्ररीने घरगुती फोटोंमधूनच समाजाचा इतिहास उभा केला आहे. या दोन्हींत एक गोष्ट मात्र कमी जाणवते: फोटो माणसाशी जोडला जातो, जागेशी तितका घट्ट नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी गल्लीचे नाव हाच दाखल करण्याचा पहिला रकाना असायला हवा.

गंमत अशी की सोलापूर हे शहर जागांच्या नावांत लग्न जपण्याची रीत शतकानुशतके पाळत आले आहे. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला, त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाला संमती दिली, अशी कथा. आणि दर संक्रांतीला तिचा अक्षता सोहळा. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त ते पेलतात, तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशी होम होतो. संमती कट्टा, होम मैदान ही नावे लग्नविधीतलीच आहेत. त्याहून सूचक म्हणजे आदल्या दिवशीचा कार्यक्रम: नंदीध्वज ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला गावाभोवती फिरतात. कथा घडली की नाही यावर वाद घालता येईल, पण मिरवणुकीची वाट वादातली नाही. त्या वाटेने जुन्या सोन्नलगेच्या भोवती फेरी पडते. एका लग्नाच्या निमित्ताने गावाचा घेर दर वर्षी पायांनी आखला जातो. शिवाय हा सोहळा त्याच जागी, त्याच दिवशी होतो, त्यामुळे अक्षतांचे वेगवेगळ्या सालांचे फोटो ओळीने लावले की तळे, किल्ल्याची बाजू आणि भोवतालची इमारत-दर-इमारत झालेली दाटी मोजता येते. अशी मालिका मिळायला अभ्यासक एरवी तरसतात.

पण सगळीकडे फोटो नाहीत, हेही तितकेच खरे, आणि नसण्यालाही अर्थ आहे. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ अशा वस्त्या आहेत, त्यांना क्रमांक आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांना तारेच्या कुंपणात, हजेरीच्या धाकात ठेवण्यासाठी सोलापूरला सेटलमेंट झाली, आणि तिथल्या हातांचा गिरण्यांनाही उपयोग झाला. ज्यांची ‘वर्तणूक’ पटली त्यांना कुंपणाबाहेर राहू दिले ती फ्री कॉलनी. १९५२ मध्ये कायदा गेला, ‘फ्री’ हा शब्द पत्त्यात राहिला. कुंपणातल्या लग्नांचे अल्बम कोणी करायचे होते? त्या लोकांचे फोटो निघाले ते बहुतेक अहवालासाठी. इथे नाव एकटेच साक्षीला उभे आहे, आणि म्हणून ते गुळगुळीत ‘नगर’ करून टाकण्याची घाई करू नये, असे वाटते. अर्थात त्या नावाचा डाग ज्यांना रोज अर्जावर लिहावा लागतो, त्यांनी ते बदलायचे ठरवले तर बाहेरच्याने इतिहासाचा दाखला देऊन त्यांना अडवणे हेही उद्धटपणाचेच. जुने नाव तारखेसह नोंदून ठेवणे आणि नवे वापरात आणणे, दोन्ही एकाच वेळी करता येते.

राहिला शेवटचा आक्षेप, तो मात्र अर्धाच परतवता येतो. लग्नाचा फोटो घराची खाजगी वस्तू आहे. त्यात मोडलेली लग्ने असतात, कात्रीने कापून काढलेला चेहरा असतो, लहान वयात बोहल्यावर चढवलेली मुलगी असते. शारदा कायद्याने १९३० पासून मुलीला चौदा आणि मुलाला अठरा वर्षांची अट घातली, १९७८ मध्ये ती अठरा आणि एकवीस झाली. त्यामुळे फोटोचे साल विचारले की काही घरे अडखळतात, आणि ती का अडखळतात हे ओळखून प्रश्न तिथेच सोडून द्यावा. फोटो कोणाचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यातल्या बाईचा पहिला. जुन्या समूहफोटोंखाली पुरुषांची नावे डावीकडून उजवीकडे लिहिलेली असतात आणि मागच्या रांगेतल्या बायका बिननावाच्या. वस्तीची माहिती मात्र त्यांनाच जास्त, कारण सून म्हणून त्या बाहेरून आल्या आणि ती जागा त्यांनी परक्या नजरेने पाहिली: विहीर कुठे होती, रात्री कुठल्या रस्त्याने जायचे नाही, हद्दवाढीआधी पत्रावर कुठला पत्ता घालत. वरंगळ-करीमनगरहून पूर्व भागात आलेल्या, विजापूर-गुलबर्ग्याकडून पेठांत आलेल्या, मोहोळ-बार्शीहून हद्दवाढीत आलेल्या सुनांची माहेरे नकाशावर मांडली, तर या सीमेवरच्या शहराचे नाते किती दिशांना गेले आहे ते कुठल्याही जनगणनेपेक्षा ठळक दिसेल.

काम कुठून सुरू करावे, याचे उत्तर कदाचित अनपेक्षित आहे. सगळ्यात जुन्या फोटोंपासून नाही. १९३० चा कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचा असतो, वाळवी आणि ओल यांच्यापासून वाचला तर अजून पन्नास वर्षे तग धरेल. १९८५ ची रंगीत प्रिंट रंगद्रव्यांची असते. उजेडात आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात ते रंग उडतात, फोटो आधी तांबूस होतो आणि मग चेहरे, भिंती, पाट्या एकमेकांत मिसळतात. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याखालच्या कपाटात तो आणखी चढतो. त्यामुळे बाळीवेशीतल्या वाड्यांमधले जुने अल्बम थांबू शकतात. आधी शेलगी, मजरेवाडी, विडी घरकुल इथल्या रंगीत प्रिंटा स्कॅन व्हायला हव्यात, पत्रिका हाती असेल तर तीही सोबत, आणि प्रत्येकीखाली त्या दिवशी लोक त्या गल्लीला काय म्हणत होते ते नाव.